कालची सकाळ आणि परवाची

गोव्यातले उपचार संपवून आम्ही मसुऱ्याला परत आलो आणि माझ्या नवऱ्याचे दिवस एकमेकांत मिसळायला लागले.

विसरणं वेगळं आणि मिसळणं वेगळं. विसरलं तर नव्हतं काहीच. वीस वर्षांपूर्वी कोणत्या आंब्यावर कलमासाठी कोणती डोळकाडी बांधली, ती कुणाच्या झाडावरून आणली, त्या दिवशी ऊन होतं की मळभ, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगत. पण सकाळी कलमांना पाणी घालून आले की तासाभराने पुन्हा झारी उचलायचे. "घातलात की आत्ताच," असं मी म्हटलं तर म्हणायचे, "तां काल." दोन दिवसांपूर्वी कुणी भेटून गेलं असलं तर तो माणूस आज येणार म्हणून अंगणात खुर्ची मांडून ठेवायचे. आमच्या रोपवाटिकेत हिरव्या जाळीचे दोन मांडव शेजारी शेजारी आहेत, एक काजूचा आणि एक आंब्याचा. एका मांडवात शिरायचं असलं तर हमखास दुसऱ्यात शिरत, आणि आत गेल्यावर पिशव्यांमधल्या रोपांकडे बघत उभे राहत. बाजारात कुणी ओळखीचं भेटावं आणि नाव आठवू नये, तसा चेहरा व्हायचा त्यांचा.

त्यांच्या डोक्यात गाठ निघाली होती. ऑपरेशन नीट झालं, गाठ साधी होती, पण थोडा भाग आत राहिला म्हणून लाईट द्यावी लागली. आमच्याकडे किरणांच्या उपचाराला 'लाईट देणं' म्हणतात. तोंडावर जाळीचा मुखवटा घालून त्यांना रोज आत नेत आणि मी बाहेरच्या बाकावर बसून असे. मी हायस्कूलला शास्त्र शिकवायचे. त्याच वर्षी निवृत्त झाले होते. शरीरातल्या सगळ्या पेशी मी फळ्यावर रंगीत खडूने काढल्या होत्या. तरी त्या बाकावर बसल्यावर मला एकच वाटायचं, आतल्या त्या उजेडाने माझ्या माणसाचं काही जळू नये.

तपासणीला परत गेलो तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना हे मिसळण्याचं सांगितलं. तरुण होत्या, माझ्या शाळेतल्या एखाद्या हुशार मुलीसारख्या. मी शिक्षिका होते हे कळल्यापासून मला 'टीचर' म्हणायच्या.

"टीचर, तुम्ही मुलांना काय शिकवत होता? मेंदूच्या पेशी नव्याने जन्मतात का?"

"नाही. जन्मताना जेवढ्या तेवढ्याच. पुढे फक्त कमी होतात."

"आम्हीही शाळेत तेच शिकलो. आता पुस्तक थोडं बदललंय." त्यांनी स्वतःच्या कानाच्या वरच्या बाजूला बोट ठेवलं. "इथे आत, खोल, एक छोटा भाग असतो. आठवणी तिथे बांधल्या जातात. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून नावही तेच ठेवलंय."

"आमच्या मालवणात जाळ्यात येतो तो?"

"तोच." त्या हसल्या. "उंदरांमध्ये आणि इतर काही प्राण्यांमध्ये त्या जागी मोठेपणीसुद्धा नव्या पेशी जन्मतात. रोज. आणि असं दिसतं, की दोन सारख्या गोष्टी वेगळ्या ठेवायचं काम या नव्या पेशी करतात. कालची गोष्ट काल आणि आजची आज. दोन सारखी दारं, दोन सारख्या वाटा. आता लाईट दिल्यावर या पेशींचा जन्म मंदावतो. यांची गाठ त्या भागाला लागूनच होती. आम्ही तो भाग जमेल तितका वाचवला. जमेल तितकाच."

माझा नवरा शेजारी बसून ऐकत होता. ते म्हणाले, "म्हणजे माझ्या डोक्यात आता नवीन कलमां नाय?"

"काका, माणसात किती नव्या पेशी जन्मतात यावर अजून शास्त्रज्ञांचं एकमत नाही. काही म्हणतात बऱ्याच, काही म्हणतात जवळजवळ नाहीच. मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. पण उंदरांमध्ये एवढं कळलंय, की ते पळाले, फिरले, तर पेशी जास्त जन्मतात. आणि जन्मलेल्यांपैकी खूपशा काही दिवसांत मरून जातात. काही नवं शिकावं लागलं, कठीण, तर त्यातल्या बऱ्याच जगतात. काम मिळालं तर राहतात. तुम्ही चाला. काहीतरी नवीन शिका. अगदी नवीन. नुकसान तर काही नाही."

परतीच्या एस्टीत ते खिडकीशी बसले होते. इन्सुलीच्या चेकपोस्टपाशी ट्रकांची रांग लागली होती आणि गाडी थांबली. जाताना गाडी तिथेच थांबली होती. तीच रांग, तेच ट्रक असावेत असे ट्रक, तसाच चहाचा वास. ते बराच वेळ बाहेर बघत राहिले आणि मग त्यांनी हळूच मला विचारलं, "गो, आमी जातंव काय परत येतंव?"

मी म्हटलं, "परत येतंव."

त्यांनी मान हलवली. गाडी सुटली. बांध, भाताचे कुणगे, काजूच्या बागा मागे जात होत्या, आणि पुढच्या अर्ध्या तासात मलाही एकदा वाटून गेलं की आपण जातोय की येतोय, कोण सांगणार?

माझी नणंद देवबागला राहते. नवऱ्यापेक्षा मोठी. तिचा नवरा वारल्यावर मागच्या खोल्या पर्यटकांना देऊन तिने घर चालवलं. मी तिला वन्सं म्हणते, माझा नवरा बाय म्हणतो. तिला मी फोनवर डॉक्टरांचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मगे हंय घेवन ये तेका. मसुऱ्यात तेका धोंडो न् धोंडो पाठ. थंय काय नवीन शिकतलो? पाण्यात कदी उतारलो नाय तो. होडी शिकवतंय."

"त्यांना पाण्याची भीती वाटते, वन्सं."

"बरां मा. म्हणजे खराच नवीन."

पावसाळा सरल्यावर आम्ही देवबागला गेलो. रोपवाटिका दिराच्या हवाली केली. देवबाग म्हणजे वाळूची एक लांब जीभ. पुढच्या दारी समुद्र, मागच्या दारी कर्लीची खाडी. पहिल्या काही रात्री मला नीट झोप लागली नाही. एका कानाला लाटा ऐकू येत आणि दुसऱ्या कानाला काहीच नाही. खाडीचं ते काहीच नाही लाटांपेक्षा मोठं होतं. पहाटे जाग आली की आपण कुठल्या बाजूला तोंड करून झोपलोय ते कळत नसे. छपराच्या फटीतून येणारा उजेड पाण्यावरून आलेला असायचा, त्यामुळे वाशांवर तो हलत राहायचा. त्या हलत्या उजेडात माझा नवरा उताणा पडून डोळे उघडे ठेवून असे. मी विचारी, "काय बघतास?" ते म्हणत, "काय नाय. बरां वाटता."

वन्संकडे एक जुनी लाकडी होडी होती, पर्यटकांना न्यायच्या लायकीची न राहिलेली. रोज सकाळी ती आम्हा दोघांना त्यात बसवी. स्वतः पुढे बसे, भावाकडे पाठ करून. वल्हं त्याच्या हातात. पहिले काही दिवस होडी जागच्या जागी गोल फिरत राहिली. त्यांच्या तळव्यांना फोड आले. ते काठ घट्ट धरून बसत, पाण्याकडे बघत नसत. वन्सं मागे न वळता ओरडे, "पाण्याक मारू नको रे! ढकल तेका. ढकल!"

मग एक दिवस होडी सरळ गेली. काय बदललं ते कुणालाच कळलं नाही. त्यांनाही नाही. हात जणू त्यांच्या नकळत शिकले होते.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की हातांचं शिकणं मेंदूत वेगळ्या ठिकाणी होतं, ते येईल. कठीण होती ती वाट. खाडीच्या पलीकडच्या काठाला कांदळवन आहे आणि त्यात पाण्याचे दोन फाटे आत शिरतात. तोंडं अगदी सारखी. दोन्हीकडे तीच झुकलेली झाडं, त्याच चिखलातून वर आलेल्या मुळ्या, तोच काळपट हिरवा उजेड. एक फाटा आत जाऊन मोकळ्या पाण्याला मिळतो आणि वळसा घालून घरच्या धक्क्याशी आणून सोडतो. दुसरा आत जाऊन संपतो. वन्संचा नियम एकच, फाटा त्याने निवडायचा आणि कुणी काही बोलायचं नाही.

ते चुकत. आंधळ्या फाट्यात शिरत, शेवटी झाडांच्या भिंतीपाशी होडी थांबे, आणि ते म्हणत, "हंय काल वाट होती."

"काल दुसरीकडे गेल्लंस," वन्सं म्हणे. "उद्या परत बघूया."

मला ते सोसत नसे. फाट्यांच्या तोंडाजवळ आलो की मी पदर दातात धरायचे. एकदा मी नुसती खोकले, तर वन्संने मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं की शाळेत मीसुद्धा कुणा मुलाकडे तसं पाहिलं नसेल.

"तू सांगलंस तर तुज्या डोक्यात जातला, तेच्या नाय," ती म्हणाली.

दुपारी ते दमून झोपत. मी मागच्या ओट्यावर मासळी साफ करत किंवा नुसतीच बसत असे. खाडीवर ऊन पसरलेलं असे आणि पलीकडचा काठ कापरासारखा उडून जाईल असं वाटे. मला त्या पेशींची आठवण यायची. त्या झोपलेल्या डोक्यात आत्ता काही जन्मत असेल का? जन्मलं असेल तर त्याला कळत असेल का कुठे जायचं, कुणाशी बोलायचं? की ते आसपासच्या जुन्या, मोठ्या, सगळं ठाऊक असलेल्या पेशींमध्ये नव्या सुनेसारखं एका कोपऱ्यात उभं असेल, आज कुणी काही काम सांगेल का याची वाट बघत? मग मला डुलकी लागे. जाग आली की सावल्या दुसऱ्या अंगाला गेलेल्या असत.

थंडी पडली. खाडीवर सकाळचं धुकं येऊ लागलं. अशाच एका सकाळी वन्संकडे पाहुणे उतरले होते, घावणे घालायचे होते, म्हणून ती म्हणाली, "तुमीच जावा दोघां."

आम्ही गेलो. मी पुढे वन्संच्या जागी बसले, पण मला पाठ करून बसवेना, मी त्यांच्याकडे तोंड करून बसले. धुक्यात पाणी आणि आभाळ वेगळं कळत नव्हतं. होडी कशावर तरंगतेय हेही क्षणभर कळेना. फक्त वल्ह्याचा आवाज आणि वल्ह्यावरून ठिबकणारं पाणी. मग कांदळवन धुक्यातून एकदम पुढ्यात आलं आणि ती दोन तोंडं.

त्यांनी होडी डावीकडे वळवली.

"नाय हो," मी म्हटलं. माझ्या तोंडून निघूनच गेलं. "उजवीकडे."

ते थांबले. "माका वाटता ह्यो." त्यांनी डावीकडेच बोट दाखवलं.

"मी रोज बघतंय. उजवो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कित्येक महिने मी सांगेन ती तारीख, मी सांगेन तो वार, मी सांगेन ती वाट. त्यांनी मुकाट वल्हं फिरवलं आणि आम्ही उजवीकडे शिरलो.

आत गेल्यावर माझ्या लक्षात आलं. झाडांची भिंत पुढे आली. मी चुकले होते. आणि वळायला जावं तर ओहोटी लागली होती. पाणी आमच्याखालून हळूहळू, अजिबात आवाज न करता निघून गेलं आणि होडी चिखलात बसली. जराशी कलली आणि तशीच राहिली.

उतरणं शक्य नव्हतं, चिखल गुडघ्याच्या वर. भरती येईपर्यंत बसणं आलं. माझा मोबाइल घरी चार्जिंगला लावलेला. मला स्वतःचा राग आला, रडूही आलं, पण ते शांत होते. वल्हं आडवं ठेवून पाय पसरून बसले. धुकं विरत गेलं. चिखलावर बारीक बारीक बिळं उघडली आणि लाल नांगीचे खेकडे बाहेर येऊन हात हलवू लागले. निवटे, ते चिखलावर उड्या मारणारे टपोऱ्या डोळ्यांचे छोटे मासे, आमच्या होडीच्या कडेपर्यंत आले आणि आमच्याकडे बघत राहिले. ऊन पानांतून गाळून येत होतं. सगळं इतकं स्तब्ध झालं की आपण इथे आत्ता आलो की कायमचे इथेच आहोत, हे मला सांगता आलं नसतं.

मग ते बोलू लागले. माझ्याशी असं नाही, आपलेच.

"परवा हंयच इल्लंव आमी. बायन शिव्या घातल्यान. थंय त्या फांदयेर पाणकावळे होते, पंख सुकवत. तीन-चार."

मी विचारलं, "आणि काल?"

"काल नाय. काल त्या दुसऱ्यात गेलंव. काल थंय एक माड आडवो पडललो पाण्यात, तेच्यार खंड्या बसललो. आमी जवळ गेलंव तरी उडाक नाय. तू म्हटलंस, आजारी आसात बिचारो. मगे उडालो."

खरं होतं. अक्षर न् अक्षर खरं होतं. पाणकावळे परवाचे आणि खंड्या कालचा. मीसुद्धा त्या दोन सकाळी वेगळ्या काढून ठेवल्या नव्हत्या. त्यांनी सांगितल्यावर त्या माझ्यासमोर वेगळ्या झाल्या. एक सकाळ आणि तिच्या शेजारी दुसरी सकाळ, मध्ये एक अख्खी रात्र. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या दोन दिवसांमध्ये रात्र आली होती.

मी पदराने तोंड झाकलं.

"कित्याक रडतंस गो?" ते म्हणाले. "पाणी येतला."

पाणी आलं. जसं गेलं तसंच न सांगता आलं, आधी मुळ्यांच्या पायाशी चमकलं, मग होडीखाली. होडीने अंग सोडवून घेतलं. आम्ही फाट्याच्या तोंडाशी पोचलो तर समोरून वन्सं शेजाऱ्याची होडी घेऊन येत होती, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आमचे चेहरे दिसताच ओरडायला सुरुवात. "दोघांकय अकल नाय! ओहोटी कळाक नाय? कोणी घातली होडी थंय?"

"मी," मी म्हटलं.

"मी डावो म्हटलंय," तिचा भाऊ म्हणाला. मग वन्संने आपली होडी वळवली आणि आमच्या पुढे वल्हवत निघाली. तिची पाठ हलत होती. ती हसत होती की काय करत होती, ते मी विचारलं नाही.

शिमग्याच्या आधी आम्ही मसुऱ्याला परतलो. नंतरच्या तपासणीत डोक्याचा फोटो स्वच्छ आला. डॉक्टरीणबाईंनी त्यांना काही कोडी घातली, सारखी दिसणारी चित्रं दाखवली, आणि खूश झाल्या.

मी विचारलं, "मग नव्या पेशी आल्या म्हणायचं का?"

"डोक्यात शिरून मोजता येत नाही, टीचर. आतली सूज उतरली असेल. दिवस गेले, त्यानेही बरं वाटतं काहींना. चालणं, वल्हवणं, ताईंचं ओरडणं, सगळंच असेल. मला मनापासून आवडेल 'हो' म्हणायला. पण माहीत नाही."

त्या 'माहीत नाही' मध्ये मला बरं वाटलं. एवढी वर्षं मी फळ्यावर सगळं माहीत असल्यासारखं काढत आले होते. शास्त्र अजून चालतंच आहे, चाचपडत, हे ऐकून मला सोबत मिळाल्यासारखं झालं.

एक गोष्ट मात्र त्यांच्यातून निघून गेली. उपचाराचे ते आठवडे. मुखवटा, बाक, भिंतीवरचा हिरवट रंग, काहीच आठवत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की लहान उंदरांमध्ये नव्या पेशी जुन्या जाळ्यात शिरताना जुन्या आठवणी सैल करतात असं दिसलंय, पण यांचं तसं झालं असं नव्हे, आजारातल्या दिवसांचं असं होतंच. उपचारांच्या त्या दिवसांत एका संध्याकाळी, मुखवट्याचे वळ चेहऱ्यावर असताना, त्यांनी माझा हात धरून म्हटलं होतं, तुझा चेहरा तेवढा दुसऱ्या कुणात मिसळू नये म्हणून मी रोज आत जाताना तो डोळे मिटून पुन्हा पुन्हा बघतो. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात ते असं कधी बोलले नव्हते. आणि आता ते वाक्य जगात फक्त माझ्याजवळ आहे.

मी एकदा त्यांना ते सांगितलं. त्यांनी दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकावी तसं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, "बरो माणूस दिसता." आणि हसले. मीही हसले. वाईट वाटलं का? वाटलं. पण त्या दिवसांची भीतीही त्यांच्यातून निघून गेली, हे मी विसरत नाही.

अजून ते कधी कधी झारी दोनदा उचलतात. दमले असले की मांडव चुकतात. पण कोय कलमाची नवी पद्धत त्यांनी गेल्या पावसात शिकून घेतली, आणि तिची कलमं धरली.

यंदा आंगणेवाडीच्या जत्रेला आम्ही दोघंच गेलो. केवढी गर्दी. खाज्याची दुकानं एकाला एक लागून, एकसारखी, एकसारख्या दिव्यांची, प्रत्येकासमोर तीच पिवळी रास. मला दर्शनाच्या रांगेजवळ उभं करून ते खाजं आणायला गेले आणि माणसांत दिसेनासे झाले. मी थांबले. खूप वेळ झाला. लाऊडस्पीकरवर कुणाची तरी नावं पुकारत होते, हरवलेल्यांची. मी टाचा उंचावून ते गेले त्या दिशेला बघत होते.

ते आले, पण भलत्याच बाजूने, माझ्या मागून. पिशवी अर्धी संपलेली, मिशीला गुळाचा कण चिकटलेला.

"तुमी होतास खंय?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

त्यांनी खाज्याचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"चुकललंय वायच," ते म्हणाले. "पण गावलंय मा तुका?"